घर सोडणाऱ्याचे घर

थोर पुरुषाचे बालपण ज्या घरात गेले ते घर जतन करावे, त्यात त्या काळची भांडीकुंडी मांडावी, चूल पेटती ठेवावी, जाते फिरते ठेवावे आणि येणाऱ्याजाणाऱ्यास गतकाळ चालताबोलता दाखवावा, ही हौस आता आपल्याकडेही रुजली आहे. मूळ कल्पना युरोपातली. स्टॉकहोम येथे आर्टूर हाझेलिउस यांनी १८९१ साली स्कानसेन हे उघड्यावरचे संग्रहालय स्थापिले. ठिकठिकाणची जुनी घरे तेथे आणून उभारली आणि जुन्या वेषातील माणसे त्यांत जुनी कामे करताना दाखविली. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी येथे बलुतेदारांसह सारा गावगाडा पुतळ्यांच्या रूपाने उभा आहे. अशा स्थळांचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या मुलांनी जाते कधी पाहिले नाही त्यांस ते दिसते, हा लाभ लहान नव्हे. परंतु हीच रीत वऱ्हाडात गाडगेबाबांच्या बालपणास लावू गेले, की तिच्यातील उणीव उघडी पडते.

पहिला प्रश्न असा की, घर कोणते धरावयाचे? देबूजी झिंगराजी जाणोरकर या मुलाचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परिटाच्या घरी झाला. बाप दारूपायी अकाली गेला आणि आई सखूबाई लेकरास घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे गावी आली. म्हणजे जन्माचे घर लहानपणीच सुटले, आणि वाढला तो आजोळच्या आश्रयाने. त्याचे दिवस गुरांमागे आणि शेतात गेले. पुढे मामाची जमीनही सावकाराच्या कर्जात गेली. सारांश, या बालपणाचा खरा इतिहास चार भिंतींत नाही. तो रानात आहे, दारूच्या गुत्त्यात आहे, सावकाराच्या वहीत आहे.

आता नेहमीच्या मांडणीत काय दिसेल? सारवलेली भुई, लखलखीत तांब्याचा हंडा, घाटावर धुणे आपटणारा परीट. पाहणारे म्हणतील, किती साधे आणि सुखाचे जिणे हे! पण त्या धुण्याबद्दल बलुते किती पदरात पडे, हे कोण सांगणार? दारिद्र्य झाडूनपुसून मांडले की ते शोभिवंत होते, आणि शोभिवंत दारिद्र्याची कोणास लाज वाटत नाही. हा प्रदेश पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. येथील विहिरींचे पाणी खारट. पाहुण्यास गुळाचा चहा देण्याऐवजी त्या विहिरीचे घोटभर पाणी पुढे केले, तर तासभराच्या व्याख्यानाहून अधिक काही त्यास कळेल.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. १९०५ साली देबूजीने हे घर सोडले. आपण त्या त्यागाचे गोडवे गातो. पण मागे आई होती, पत्नी कुंताबाई होती, मुले होती. घराचे संग्रहालय करावयाचे तर त्यात निघून गेलेल्याबरोबर मागे राहिलेल्यांनाही स्थान हवे. चूल पेटती दाखविणार, तर ती पेटती ठेवणारीचे नाव का नको? संताच्या थोरवीस याने बाध येत नाही. त्या थोरवीची किंमत कोणी कोणी मोजली, एवढेच कळते.

कोणी म्हणेल, स्वतःचे स्मारक नको म्हणणाऱ्या पुरुषासाठी हा खटाटोप कशास? आक्षेप रास्त आहे. परंतु २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे देहावसान झाल्यावर अमरावतीस त्यांची समाधी झालीच. २००५ साली तेथील विद्यापीठासही त्यांचे नाव मिळाले. स्मारके टळत नाहीत. ती कशी असावीत, एवढेच आपल्या हाती उरते. आणि त्याचा धडा बाबांनीच घालून दिला आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या, त्या परक्या वाटसरूंसाठी. गावात शिरल्यावर त्यांचा खराटा आधी चाले आणि कीर्तन मागाहून होई. त्या कीर्तनात ते सांगत थोडे आणि विचारीत फार. कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालीत नाही, देवापुढे बकरे का मारता, असे ते विचारीत, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवीत.

आमच्या मते अशा घराची कसोटी हीच. दापुऱ्यास ते कधी मांडले गेले, तर त्याने दाखवावे कमी आणि विचारावे अधिक. दारी खराटा असावा, पण तो काचेच्या पेटीत नसावा. सुशिक्षित कुटुंबाने मुलाबाळांसह घटकाभर अंगण झाडून छायाचित्र काढून घेतले, तर तेही नाटकच होईल, हे आम्ही जाणतो. म्हणून खरा प्रश्न परतीच्या वाटेवरचा आहे: आपल्या घरी केर काढणाऱ्या बाईस आपण काय देतो, तिचे मूल शाळेत जाते काय, आणि ती पाणी कोणत्या भांड्याने पिते? हा प्रश्न जे घर आपल्याबरोबर घरी पाठवील, तेच गाडगेबाबांचे घर. बाकीच्यास आम्ही केवळ जुन्या वस्तूंची खोली म्हणू.