मंडळ गेले, प्रश्न राहिला

नाशिक म्हटले की आपल्या माणसाला काळारामाचे बंद दार आठवते. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला तो सत्याग्रह आपला मानबिंदू आहे. आपण दरवर्षी त्याला अभिवादन करतो. पण याच शहरातल्या दुसऱ्या एका दाराविषयी आपण बोलत नाही. ते दार शिक्षण मंडळाचे.

बाबासाहेबांनी त्या दाराचा विचार सत्याग्रहाच्या आधीच केला होता. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे जाऊ लागला. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी शाळा स्कूल बोर्डांच्या हवाली करणे थांबवावे, अशी मागणी केली. नाहीतर अस्पृश्यांचे शिक्षण मागे पडेल, असे बजावले. लोकशाहीचा एवढा मोठा पुरस्कर्ता स्थानिक स्वराज्याला विरोध का करतो? माझ्या मते उत्तर सरळ आहे. 'स्थानिक' म्हणजे कोण, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ज्या गावाने पाणवठा बंद केला त्याच गावाच्या हाती शाळेची किल्ली जाणार होती.

पुढे १९४७ च्या कायद्याखाली नगरपालिकांची शिक्षण मंडळे चालली. १९८२ साली नाशिकची महापालिका झाली, तिचेही मंडळ होते. सदस्य नगरसेवकांनी निवडायचे, शाळा मात्र वस्तीतल्या लेकरांच्या. तिकीट हुकलेल्या कार्यकर्त्याची सोय लावायची जागा, अशी या मंडळांची राज्यभर अपकीर्ती झाली. २०१३ साली शासनाने तो कायदाच रद्द केला आणि मंडळे गेली. फार कोणी हळहळले नाही. पण सत्ता वस्तीकडे आली काय? नाही. ती आयुक्तांच्या कचेरीत गेली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होता. त्या काळात शाळेचे छत गळते म्हणून जाब विचारायला नगरसेवकसुद्धा उरला नव्हता.

एक जागा मात्र कायद्याने आपल्यासाठी ठेवली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शासकीय व स्थानिक संस्थेच्या शाळेत व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. कागदावर हे बाबासाहेबांच्या आक्षेपाला दिलेले उत्तरच आहे: इथे 'स्थानिक' म्हणजे लेकरू ज्याचे तो.

प्रत्यक्षात काय दिसते? अशा एका सभेला मी बसलो होतो. धुण्याभांड्याची कामे टाकून आलेल्या आयांपुढे आधीच लिहून ठेवलेले इतिवृत्त सरकवले गेले. "इथं सही करा, ताई." एकीने विचारले, "पण यात लिवलंय काय?" गुरुजी हसले. बाकीच्याही हसल्या. तिने सही केली. त्या हसण्यात मला १९२८ चे निवेदन पुन्हा ऐकू आले.

पण दोष गुरुजींवर टाकून मला मोकळे होता येत नाही. मी महापालिकेच्या शाळेतच शिकलो. घराण्यातला पहिला पदवीधर झालो, महाविद्यालयात शिकवू लागलो. माझी मुलगी खाजगी इंग्रजी शाळेत जाते. माझ्यासारखे अनेक आहेत. त्या बाईला इतिवृत्त वाचून दाखवू शकणारे जे होते, तेच वस्ती सोडून गेले. आपण जयंतीला वर्गणी देतो, व्याख्याने देतो. शाळेच्या सभेला जात नाही. शिकलेल्या माणसाची ही पाठ फिरवणे म्हणजेही एक दार बंद करणे आहे, आणि त्याची कडी आतून आपण लावली आहे.

शिक्षण मंडळ परत आणा, अशी माझी मागणी नाही. मागणी आपल्यापाशी आहे. प्रत्येक शिकलेल्या कार्यकर्त्याने, शिक्षकाने, विद्यार्थ्याने आपल्या जुन्या शाळेची एक समिती धरावी. सदस्य पालकच राहतील. आपण फक्त सभेआधी त्यांच्यासोबत बसावे, कागद मोठ्याने वाचावा, हिशेब समजावून सांगावा. त्या बाईचा प्रश्न बरोबर होता. तो पुढच्या सभेत हसण्यावारी जाऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो.