चेहऱ्यामागचीं पुस्तकें

चित्रपट पाहून मग मूळ पुस्तकाकडे वळणाऱ्या वाचकास कमी लेखण्याची आपल्याकडील विद्वानांची जुनी खोड आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. ग्रंथापर्यंत कोणत्या वाटेनें आलों, यापेक्षां तेथें पोंचल्यावर काय केलें, हा प्रश्न महत्त्वाचा होय. आवडत्या नटीचा चेहरा डोळ्यांपुढें ठेवून वाचूं लागलेला वाचक एक तर पुस्तकांत आपला चित्रपटच शोधतो आणि तो न सांपडल्यास रुसतो. नाहीं तर तो चेहरा हळूहळू बाजूस सरतो आणि लेखकाचा आवाज त्याला ऐकूं येऊं लागतो. पहिला वाचक पुस्तक हातीं घेऊनहि प्रेक्षकच राहतो. दुसरा कसा घडतो, हें पाहण्यास स्मिता पाटील यांच्या चित्रपटांसारखें उदाहरण मराठींत क्वचितच सांपडेल.

स्मिताबाई १९५५ सालीं जन्मल्या आणि १९८६ च्या डिसेंबरांत, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, निवर्तल्या. एवढ्या अल्प आयुष्यांत त्यांनीं मराठी ग्रंथांतून निघालेल्या चार स्त्रिया पडद्यावर उभ्या केल्या. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनाच्या आधारें 'भूमिका', गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून 'जैत रे जैत', जयवंत दळवींच्या 'चक्र'वरून त्याच नांवाचा १९८१ चा हिंदी चित्रपट, आणि शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून १९८२ चा 'उंबरठा'. 'भूमिका' आणि 'चक्र' या दोहोंसाठीं त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

यांपैकीं 'चक्र' हा आमच्या किनाऱ्याचा ग्रंथ आहे असें म्हटलें तर कित्येकांस नवल वाटेल. त्यांत माडांची बाग नाहीं कीं वेतोबाचें देऊळ नाहीं. आहे ती मुंबईंतील झोंपडपट्टी. परंतु दळवी वेंगुर्ले तालुक्यांतील आरवलीचे, आणि आमच्याकडील घराचें एक टोंक नेहमींच मुंबईंत असतें. गणपतीला येणारा चाकरमानी त्या शहराविषयीं जें सांगत नाहीं, तें दळवींनीं १९६३ सालीं लिहून ठेविलें. योगायोग असा कीं, ज्या वर्षीं सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच १९८१ सालीं हा चित्रपट लोकांपुढें आला.

रवींद्र धर्मराज यांच्या चित्रपटांत अम्मा हीच मध्यवर्ती होते: तिचें चालणें, तिचा संताप, उद्यां बरे दिवस येतील ही तिची चिवट आशा. पाहणाऱ्याचा जीव तिच्यांत गुंततो आणि वस्ती तिच्या पाठीशीं देखाव्यासारखी उभी राहते. कादंबरी वाचतांना हा क्रम उलटतो. तेथें वस्ती पुढें येते, आणि अम्मा त्या गर्दींतील एक होते. दळवी कोणाची कींव करीत नाहींत, कोणास धडा शिकवीत नाहींत. भूक, वासना, आजार आणि मरण हीं एकाच सपाट सुरांत सांगतात. हा सूर प्रथम निर्दय वाटतो. पुढें कळून येतें कीं, कींव न करणें हीच त्यांची माणुसकी आहे.

हा भेद केवळ कलेपुरता नाहीं. अम्मेच्या स्नानाचें दृश्य जाहिरातींच्या फलकांवर मोठें करून लावण्यांत आलें आणि त्याविषयीं स्मिताबाईंनीं पुढें जाहीर नाराजी व्यक्त केली. उघड्यावर नहावें लागणें ही त्या वस्तींतील दारिद्र्याची साधी गोष्ट. बाजारानें तिची मोहिनी केली. ज्यांनीं फलकच पाहिला, त्यांच्या ध्यानीं दळवींचें पुस्तक त्या चित्राएवढेंच राहिलें असेल. अशा वेळीं मूळ ग्रंथ वाचणें हें नटीच्या बाजूनें उभें राहणेंहि आहे.

'सांगत्ये ऐका'ची गोष्ट निराळी. हें आत्मकथन हंसाबाईंनीं तोंडीं सांगितलें आणि अरुण साधूंनीं शब्दबद्ध केलें. त्याचें नांव हंसाबाईंच्याच गाजलेल्या चित्रपटाचें. म्हणजे येथें एका नटीनें दुसऱ्या नटीचें आयुष्य रंगविलें आहे. श्याम बेनेगलांनीं पात्रांचीं नांवें बदललीं, काळाची उलटापालट केली आणि स्मिताबाईंच्या मौनावर पुष्कळसा भार टाकला. पुस्तकांत मौन नाहीं. तेथें एक बाई बोलत सुटली आहे. स्वतःचे दोष आणि इतरांचे अपराध ती सारख्याच सहजतेनें सांगते. चित्रपट पाहून तिच्याविषयीं करुणा वाटते. पुस्तक वाचून तिचा धाक वाटतो. दोन्ही कृति परस्परांस पूरक आहेत, आणि एकीवांचून दुसरी अपुरी आहे, असें आमचें मत आहे.

'बेघर' हें एका अवस्थेचें नांव, 'उंबरठा' हें ओलांडण्याच्या जागेचें. या एका बदलांत विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा सारा कल दिसतो आणि डॉ. जब्बार पटेलांचा चित्रपट त्यानें धारदार झाला, हें मान्य केलें पाहिजे. पण 'उंबरठा' ज्यांना ठाऊक आहे त्यांतील किती जणांना शांता निसळ हें नांव ठाऊक आहे? 'जैत रे जैत'च्या वाचकापुढील अडचण गोड आहे: महानोरांचीं गीतें आणि हृदयनाथांचें संगीत कानांतून जात नाहींत. तीं क्षणभर दूर ठेवलीं तरच ठाकरांच्या जीवनाची दांडेकरांची ओढ ध्यानीं येते, आणि चिंधीसाठीं आलेला वाचक नाग्याच्या हट्टापाशीं थांबतो.

कोणी म्हणेल, उत्तम चित्रपट असतां पुस्तकाचा खटाटोप कशाला? आमचें उत्तर असें कीं, अभिनय म्हणजेहि एक वाचन होय, आणि स्मिताबाईंचें वाचन थोर होतें. पण तें त्यांचें होतें. थोर वाचकानें पुस्तक वाचून ठेवलें म्हणून आपलें वाचन संपत नाहीं. गांवोगांवच्या वाचनालयांनीं त्यांच्या नांवानें चित्रपट अवश्य दाखवावेत. मात्र त्या दिवशीं हीं चार पुस्तकें कपाटांतून काढून टेबलावर मांडावींत, आणि लेखकांचीं नांवें नटीच्या नांवाइतक्याच ठळक अक्षरांत लिहावींत.