खुनी कोण? पडद्यामागच्या हातांविषयी



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि आम्हाला दोन फोन आले. एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, 'सर, तुम्ही आणि स्लॅशर चित्रपट?' दुसरा फोन आमच्या वयाच्या एका स्नेह्यांचा. ते म्हणाले, 'अहो, तत्त्वज्ञानातले विषय संपले का?' दोघांनाही आम्ही एकच उत्तर दिलं. कर्ता कोण, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. तो विचारायला सुरा घेतलेल्या माणसाच्या चित्रपटाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्लॅशर म्हणजे भयपटाची एक पोटजात. एक खुनी, बहुधा मुखवटा घातलेला. हातात धारदार हत्यार. तो तरुण मुलामुलींना एकेक करून गाठतो आणि शेवटी एक मुलगी वाचते. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८७ साली या मुलीला 'फायनल गर्ल' म्हणजे 'अखेरची मुलगी' असं नाव दिलं आणि या चित्रपटांचा गंभीर अभ्यास सुरू झाला. पण तो अभ्यास मुख्यतः पडद्यावर दिसणाऱ्यांचा. आम्हाला आज पडद्यामागच्या मंडळींबद्दल बोलायचंय.

१९७८ सालचा 'हॅलोविन' घ्या. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर. पैसे बेताचे, हॉलिवूडच्या हिशेबात तर किरकोळच. खुन्याला मुखवटा हवा. टॉमी ली वॉलेस हे कलादिग्दर्शन आणि संकलन दोन्ही सांभाळत होते. त्यांनी दुकानातून एक स्वस्तातला रबरी मुखवटा आणला. तो होता 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले. झाला खुनी! आता गंमत बघा. सुरुवातीच्या लांबलचक प्रसंगात आपण लहानग्या खुन्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. तिथे सुरा घेणारा जो हात दिसतो तो डेब्रा हिल यांचा. त्या चित्रपटाच्या निर्मात्या आणि सहलेखिका. मोठेपणीचा खुनी बहुतेक वेळ निक कॅसल. मुखवटा निघतो तेव्हा दिसणारा चेहरा टोनी मोरन यांचा. उड्या आणि पडझड आणखी एकाची. मग सांगा, खुनी कोण?

१९८० सालच्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये खुनी अखेर एक बाई निघते. पण त्याआधी खुन्याचे म्हणून जे हात दिसतात ते बरेचसे टॉम सॅव्हिनी या रंगभूषाकाराच्या मदतनिसाचे, एका पुरुषाचे. त्याच मदतनिसाची आणखी एक गोष्ट. खाटेवर पडलेल्या तरुणाच्या गळ्यातून बाण बाहेर येतो, असा प्रसंग. गळा खोटा, खाटेखाली नळी, पंपाने रक्त वर ढकलायचं. ऐन वेळी पंपाची नळी निसटली. खोटा गळा पुन्हा बसवायचा तर सगळा खटाटोप पहिल्यापासून. त्या मदतनिसाने काय केलं? नळी तोंडात धरली आणि फुंकली. रक्त उसळलं आणि प्रसंग गाजला. पडद्यावर मृत्यू दिसतो तेव्हा खाटेखाली एक माणूस जीव तोडून फुंकत असतो, हे चित्र आमच्या मनातून जात नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आणि मग म्हटलंय की जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. चित्रपटातल्या खुनाला हे लावून पाहा. अधिष्ठान म्हणजे ते घर, तो सेट. कर्ता म्हणजे मुखवट्यातला नट. करणं म्हणजे सुरा, पण कॅमेरा आणि दिवासुद्धा. चेष्टा म्हणजे पन्नास माणसांच्या शेकडो हालचाली. आणि दैव? ती निसटलेली नळी! पाचही जुळतात. आम्ही पोस्टरवरचं एक नाव वाचतो आणि घरी जातो.

ही उपेक्षा जुनी आहे. अ‍ॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त स्पष्ट म्हटलंय की डोळ्यांना दिसणाऱ्या देखाव्याचा भाग हा कवीपेक्षा मुखवटे-साहित्य करणाऱ्याच्या कसबाचा, आणि केवळ देखाव्याने भीती निर्माण करणं ही खालची पायरी. आमच्या भरतमुनींचा स्वभाव वेगळा. रंगमंचावर प्रत्यक्ष मृत्यू दाखवू नये असं 'नाट्यशास्त्र' सांगतं. पण तोच ग्रंथ नाटकमंडळीची यादी देतो तेव्हा मुकुट करणारा, दागिने घडवणारा, हार गुंफणारा, वेष करणारा, चित्रकार, एवढंच काय, कपडे धुणारा-रंगवणारा रजकही त्या यादीत असतो. जगातल्या जुन्या श्रेयनामावलींपैकी ही एक म्हणायला हरकत नाही. स्लॅशरच्या सेटवर हा रजक तर फार महत्त्वाचा, बरं का. एकच पांढरा सदरा पाच वेळा रक्तात भिजवायचा तर पाच सदरे लागतात, आणि पाचही सदऱ्यांवर डाग त्याच जागी पडावे लागतात.

हे आम्हाला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने आपल्या लघुपटाच्या चित्रीकरणाला बोलावलं. सदाशिव पेठेतला एक जुना, रिकामा वाडा. रात्रीचे अडीच. थंडीचे दिवस. एका मुलीच्या खुनाचा प्रसंग. चौकात एका कोपऱ्यात मेकअपदादा स्टोव्हवर पातेलं ठेवून बसले होते. आम्हाला वाटलं, चहा. जवळ जाऊन पाहिलं तर साखरेचा लाल पाक. आम्ही विचारलं, 'हे गरम कशाला?' ते म्हणाले, 'सर, गार रक्त अंगावर पडलं की पोरगी काकडते. दोनदा झालंय. म्हणून कोमट करतो.' आणि मनगटावर थेंब टाकून त्यांनी पाहिलं, तान्ह्या बाळाच्या दुधाचं आई पाहते ना, तसं. शेजारी स्पॉटदादा मुंग्या झाडत होते. एक मुलगा सुऱ्याच्या रबरी पात्यावर स्वतःचा अंगठा फिरवत होता, खरा सुरा चुकून मिसळला तर नाही ना म्हणून. अभिनयात ती मुलगी किंचाळली, 'कट' झालं, आणि पहिली धाव घेतली ती ड्रेसदादांनी, हातात शाल घेऊन.

म्हणजे आमचं पहिलं म्हणणं असं. पडद्यावरची हिंसा जितकी क्रूर, तितकी पडद्यामागे काळजी जास्त लागते. खरा खून करायला एक निष्काळजी, निर्दय माणूस पुरतो. खोटा खून करायला पन्नास सावध माणसं लागतात. स्लॅशर हा क्रौर्याचा प्रकार असेल, पण तो घडतो परस्परांच्या विश्वासावर.

इथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण थांबता येत नाही. कारण ही सगळी काळजी नटीची आहे. प्रेक्षकाची काळजी कोण घेतं? आणि जिचा खून दाखवला त्या पात्राची?

प्रत्येक कामात इथे एक निर्णय दडलेला असतो. हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'तला न्हाणीघराचा प्रसंग पाहा. त्यातला प्रत्यक्ष हल्ला पडद्यावर मिनिटभरसुद्धा नाही, पण चित्रीकरण आठवडाभर चाललं. कृष्णधवल पडद्यावर रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. सुऱ्याच्या घावांचा आवाज खरबूज भोसकून काढलेला. बर्नार्ड हरमन यांचं फक्त तंतुवाद्यांचं संगीत. आणि संकलन असं की घाव झाल्याचं आपण मनात पाहतो. कॅमेरा अखेर कुठे येतो? त्या बाईच्या उघड्या, निर्जीव डोळ्यावर. पाणी वाहत राहतं. कुणीतरी ठरवलं की शेवट सुऱ्यावर करायचा नाही, माणसावर करायचा. पुढच्या अनेक अनुकरणांनी सुरा घेतला आणि तो डोळा विसरले.

आपल्याकडचं उदाहरण रामसे बंधूंचं. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी आपल्या महाबळेश्वरात चित्रित केला. सात भाऊ, आणि कामांची वाटणी घरातल्या घरात: कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. एकत्र कुटुंबाचा असा कारखाना दुसरा दाखवा! पुढे 'महाकाल'मध्ये त्यांनी अमेरिकन स्लॅशरही देशी केला. थोड्या पैशांत धूर, निळा प्रकाश आणि करकरणारा दरवाजा यांतून भीती उभी करण्याचं त्यांचं कसब आम्ही मान्य करतो. पण त्यांच्या चित्रपटांत कॅमेरा मुलीकडे आधी लालसेने पाहतो आणि मग तिच्या भीतीकडे त्याच नजरेने पाहतो, हेही म्हणायला हवं. सात भावांपैकी हा दोष कुणाचा? लेखक म्हणेल, मी एवढंच लिहिलं होतं. कॅमेरामन म्हणेल, मला सांगितलं तसं केलं. संकलक म्हणेल, जे आलं ते जोडलं.

ही उत्तरं ऐकली की आमच्या पिढीच्या पुणेकराला दुसरंच काही आठवतं. १९७६ आणि ७७ साल. जोशी-अभ्यंकर हत्याकांड. आम्ही तेव्हा नुकतेच शिकवायला लागलो होतो. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे. शेजारच्याने हाक मारली तरी आधी आतून नाव विचारायचं आणि मग कडी काढायची. दहा माणसं गेली. करणारी मुलं कॉलेजातली, कलेचं शिक्षण घेणारी. आमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा फार मोठी नव्हेत. एक जण माफीचा साक्षीदार झाला, चौघांना १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्यात फाशी झाली. १९८६ साली राजदत्त यांनी याच घटनांवरून 'माफीचा साक्षीदार' काढला, नाना पाटेकरांना घेऊन. आम्ही तो पाहायला गेलो तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मध्यंतराआधीच उठून गेले. बाहेर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, 'आम्ही त्या भागात राहतो हो.'

अभिनवगुप्तांनी भयानक रसाचं स्पष्टीकरण करताना म्हटलंय की रसातली भीती 'माझी'ही नसते आणि 'त्याची'ही नसते; ती व्यक्तीपासून सुटलेली असते. त्या गृहस्थांची भीती सुटली नव्हती. ती त्यांच्या पत्त्यावर आली होती. त्या क्षणी तो त्यांच्यापुरता चित्रपट उरला नाही. यात त्यांचा दोष नाही, आणि कलाकारांचा होता असंही आम्ही म्हणत नाही. पण खऱ्या मृत्यूवर चित्रपट करताना प्रेक्षागृहात असा एक माणूस बसलेला असतो, हे मेकअपपासून ध्वनीपर्यंत प्रत्येकाने धरून चालावं लागतं.

कायद्याकडे यासाठी एक उपयोगी विचार आहे. तेव्हाच्या भारतीय दंडविधानाचं कलम ३४, समान हेतू. अनेकांनी मिळून एका हेतूने कृत्य केलं तर प्रत्येक जण जणू ते एकट्यानेच केल्यासारखा जबाबदार. म्हणजे जबाबदारी लाडवासारखी फोडून वाटता येत नाही. प्रत्येकाच्या पानात अख्खा लाडू पडतो. चित्रपट करणं हा गुन्हा नव्हे, तेव्हा तुलना तेवढ्यापुरतीच घ्या. पण गीतेची पाच कारणं आणि हे कलम शेजारी ठेवलं की चित्र पुरं होतं. कर्तृत्व अनेकांत वाटलेलं असतं, आणि तरीही जबाबदारी वाटली जात नाही.

यावर रास्त आक्षेप येईल. रोजंदारीवरचा लाइटदादा 'हा शॉट मी लावणार नाही' असं कसं म्हणेल? दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येईल. खरं आहे. म्हणून आम्ही एवढी दुरुस्ती करतो: ज्याला नाही म्हणण्याची जितकी मुभा, त्याच्याकडे जाब तितका जास्त. दिग्दर्शक, निर्माता, कॅमेरामन, संकलक यांना ती मुभा असते. त्यांनी 'मला सांगितलं तसं केलं' हे वाक्य वापरू नये.

आणि चांगलं काम कसं ओळखायचं? २०१८ चा 'तुंबाड' आठवा. तो स्लॅशर नाही, पण आमच्या मुद्द्याला जवळचा. राही अनिल बर्वे यांचा चित्रपट, चित्रीकरणाचा काही भाग इथे सासवडच्या वाड्यात. खऱ्या पावसासाठी ही मंडळी पावसाळ्यामागून पावसाळे थांबली. त्यातली ती भयंकर आजी म्हणजे रंगभूषेखालचा मोहम्मद समद हा मुलगा, तोच नायकाचा पोरगाही झालाय. त्याला फिल्मफेअरची तीन पारितोषिकं मिळाली: छायाचित्रण, कलादिग्दर्शन, ध्वनी. तिन्ही पडद्यामागची. तिथे भीती संपते तेव्हा हाती लालसेचा विचार उरतो. कारण प्रत्येक खात्याने, चिखलापासून कंदिलाच्या उजेडापर्यंत, एकाच विचाराची चाकरी केली आहे. समान हेतू असाही असतो.

तेव्हा पुढच्या वेळी भयपट पाहाल तेव्हा दोन गोष्टी करा. खुनाचा प्रसंग संपताना कॅमेरा कशावर थांबला, हत्यारावर की माणसावर, तेवढं लक्षात ठेवा. आणि शेवटी नावं वर सरकू लागली की पार्किंगची घाई करू नका. त्या नावांमध्ये कुणीतरी रक्त कोमट केलेलं असतं. त्याचे आभार माना. आणि कॅमेरा ज्याने तिथे थांबवला त्याचं नाव वाचून घ्या, जाब विचारायला उपयोगी पडेल.

आमचा वेळ संपला. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात आधी वर आला होता.