बाप्तिस्म्याआधीचे पाणी : मराठी प्रॉटेस्टंट वाङ्मयातील जातीचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला की आपली समीक्षा सहसा दोन विधानांवर थांबते. बाबा पदमनजींचे १८५७ चे ‘यमुनापर्यटन’ हा मराठी कादंबरीचा आरंभ, हे पहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी परक्या वाटणाऱ्या धर्माला मराठी रूप दिले, हे दुसरे. दोन्ही विधाने मला मान्य आहेत. परंतु या वाङ्मयाच्या मुळाशी असलेला प्रश्न दोहोंत कुठेच येत नाही. जातीजातींत विभागलेल्या समाजात प्रॉटेस्टंट होणे म्हणजे नेमके काय बदलणे?

प्रॉटेस्टंट शिकवणीनुसार श्रद्धा ही ज्याची त्याची गोष्ट. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे आणि देवासमोर स्वतः उभे राहावे. एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजाला माणसाच्या मनात काय आहे याची फारशी फिकीर नव्हती. तो कोणाच्या पंक्तीला बसतो आणि कोणाच्या हातचे पाणी पितो, एवढेच पाहिले जाई. घरात बायबल वाचणारा जातीत राहू शके. बाप्तिस्मा घेतला की तो बाहेर. सुधारकांनाही हे पक्के ठाऊक होते. परमहंस सभेत पाव खाणे ही जातिभेद सोडल्याची खूण होती आणि सभा मात्र गुप्त होती. बाबा पदमनजी या सभेत होते. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जे लपूनछपून चाले ते त्यांनी उघड केले. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र मी या दृष्टीने वाचतो. त्यातील धर्मचर्चेपेक्षा घरच्या माणसांपासून तुटण्याची भीती मला अधिक बोलकी वाटते.

या प्रश्नाचा सर्वांत प्रामाणिक तपास मात्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळे घेऊनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. एकाच संसारात दोन स्वयंपाक. ‘स्मृतिचित्रां’चे कौतुक करताना आपण त्यातील विनोदाबद्दल बोलतो आणि हा भाग गमतीचा म्हणून पुढे जातो. माझ्या मते पुस्तकाचा कणा इथेच आहे. लक्ष्मीबाईंचे मन येशूच्या देवत्वावर अडलेले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नावर ते अडले आहे. तो प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. मिशनऱ्यांच्या प्रवचनांत आधी श्रद्धा बदलते, मग आचार. लक्ष्मीबाईंचा अनुभव उलट आहे, आणि विभागलेल्या समाजाबद्दल तो अधिक खरे सांगतो.

इथवर आपल्या हाती आलेली साक्ष वरच्या जातींतून आलेल्यांची आहे. पदमनजी कासार समाजातले, टिळक पतिपत्नी आणि पंडिता रमाबाई ब्राह्मण. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले, पण तिथल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्या भरल्या त्या मुख्यत्वे महार आणि मांग कुटुंबांनी. लक्ष्मीबाईंनी शेवटी ज्यांच्या हातचे पाणी घेतले, त्यांत हे लोकही आले. पाणी देणाऱ्याला त्या वेळी काय वाटले? त्याच्यासाठी जात ही सोडण्याची गोष्ट नव्हती. इतरांनी त्याच्यावर लादलेली होती. त्याचे ‘स्मृतिचित्र’ आपल्या वाङ्मयेतिहासात नाही.

आणि तरी तो आवाज छापला जाण्याची वाट प्रॉटेस्टंटांनीच उघडली होती. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’त १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला. ती फुले दांपत्याच्या शाळेतली; ख्रिस्ती नव्हती. आम्हांला वेद वाचण्याची मनाई, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा रोखठोक सवाल आहे. ‘यमुनापर्यटना’च्या दोन वर्षे आधीचा हा मजकूर. यमुनेचा प्रवास प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांच्या दुःखातून जातो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा यमुनेपासून सुरू करायची की मुक्तेपासून, यावर त्या चर्चेचे पुढचे वळण ठरते.

टिळकांच्या देशीपणाची चर्चाही याच कसोटीवर व्हावी. अभंग, कीर्तन ही रूपे त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरली. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. हे सगळे म्हणजे ब्राह्मणी संस्कारांचे ख्रिस्तीकरण, अशी टीका काही जण करतात. ती मला अपुरी वाटते. अभंग चोखामेळ्याचाही आहे. खेड्यातील मंडळ्यांनी टिळकांची गीते आपलीशी केली, ती कोणाची उसनी चाल म्हणून नव्हे. पण ज्यांनी ती गायिली त्यांनी स्वतः काय रचले, हे आपण शोधलेले नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी जोडला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे चर्चच्या वहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’, अशी कुटुंबे नगरकडे हिंडताना मला भेटली. कोणी त्यांना ढोंगी म्हणते. मला त्यात लक्ष्मीबाईंच्या घरातील दोन चुली दिसतात. फरक इतकाच की लक्ष्मीबाईंना आपली दुसरी चूल स्वतःच्या विचाराने विझवता आली. या कुटुंबांच्या दुसऱ्या चुलीचा निर्णय दिल्लीत होतो.

म्हणून समीक्षेकडे माझे मागणे साधे आहे. ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांतील खेड्यांतून आलेली पत्रे, मंडळ्यांच्या वह्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेली कीर्तने हे साहित्य समजून वाचावे. टिळक त्याने लहान होणार नाहीत. ज्यांच्यासाठी ते गात होते ती माणसे मात्र आपल्याला दिसू लागतील.