मोटार विम्यातील घसारा आणि नवे सुटे भाग : नुकसानभरपाईच्या तत्त्वाची चिकित्सा

प्रस्तावना :
विमा हा नुकसान भरून काढण्याचा करार होय. नफा मिळवून देण्याचा नव्हे. इंग्लंडमधील ‘कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन’ (१८८३) या निवाड्याने विमाधारकास पूर्ण भरपाई मिळावी, परंतु त्याहून अधिक काही मिळू नये, हे तत्त्व दृढ केले. मोटार विम्यात या तत्त्वापुढे एक पेच उभा राहतो. अपघातात मोडलेला भाग जुना असतो, त्याच्या जागी बसणारा मात्र नवा, क्वचित पहिल्याहून सरसही असतो. या वाढीव मूल्याचा भार कोणी सोसावा, या प्रश्नाला भारतीय मोटार विम्याने दिलेल्या उत्तराची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

तरतुदींचे स्वरूप :
१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या ‘इंडियन मोटर टॅरिफ’ने या प्रश्नाचे उत्तर घसाऱ्याच्या तक्त्यातून दिले. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के, तर काचेवर शून्य टक्के घसारा ठरला. धातूच्या व अन्य भागांवरील घसारा वाहनाच्या वयानुसार वाढत जातो : पहिल्या ६ महिन्यांत शून्य, ३ वर्षे पूर्ण झाल्यावर ४ वर्षांपर्यंत २५ टक्के आणि १० वर्षांनंतर ५० टक्के. १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मुक्त झाले. घसाऱ्याचा हा तक्ता मात्र रूढ राहिला.

चिकित्सा :
धातूच्या भागांचा तक्ता तत्त्वाशी सुसंगत आहे. प्लॅस्टिकबाबत मात्र ही सुसंगती ढळते. समजा, ३ महिने वापरलेल्या मोटारीचा ८,००० रुपयांचा प्लॅस्टिक बंपर फुटला. मालकाच्या पदरी फारशी सुधारणा पडलेली नसतानाही त्याला ४,००० रुपये स्वतः भरावे लागतात. त्याच मोटारीच्या पत्र्याच्या बॉनेटवर मात्र काहीच कपात होत नाही. येथे झीज मोजली जात नाही, तर केवळ पदार्थ पाहिला जातो. तसेच ६ वर्षांच्या मोटारीला गेल्याच महिन्यात नवा दरवाजा बसवला असला, तरी वाहनाच्या वयामुळे त्यावर ४० टक्के घसारा लागतो.

मालकाने हौसेने बसवलेल्या भागांचा प्रश्न वेगळा आहे. अलॉय चाके किंवा महागडी ध्वनियंत्रणा विमा घेताना घोषित केली नसेल, तर त्यांच्या वाढीव किमतीची भरपाई सामान्यतः मिळत नाही. विद्युत व इलेक्ट्रॉनिक जोडण्यांसाठी टॅरिफमध्ये मूल्याच्या ४ टक्के जादा हप्त्याची तरतूद होती. ज्या मूल्यावर हप्ता घेतलेला नाही, त्याची जोखीम कंपनीने उचलू नये, ही भूमिका न्याय्य आहे. परंतु हाच न्याय उलट बाजूने लावल्यास, जी सुधारणा मालकाला मिळालीच नाही, तिची किंमत त्याच्याकडून वसूल करणेही अयोग्य ठरते.

तक्त्याच्या समर्थनार्थ असे म्हणता येईल, की ठरावीक टक्केवारीमुळे सर्वेक्षकाच्या मर्जीला वाव राहत नाही आणि दावे लवकर निकाली निघतात. हा लाभ खराच आहे. मात्र वयानुसार चढती टक्केवारीही तितकीच निश्चित असते. धातूच्या भागांनी ते सिद्धच केले आहे. ‘झिरो डेप’ संरक्षणाने ही कपात टळते. परंतु त्यासाठी जादा हप्ता द्यावा लागतो. नव्या मोटारीच्या मालकाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की जी भरपाई मूळ तत्त्वानेच देऊ केली होती, तीच त्याला पुन्हा विकत घ्यावी लागते.

समारोप :
घसारा हा तत्त्वाचा शत्रू नव्हे. त्याचे सरसकट आकारणे हा दोष होय. प्लॅस्टिक, बॅटरी व एअरबॅग यांनाही वयानुसार टप्पे लावावेत आणि अलीकडे बदललेल्या भागाचे बिल सादर झाल्यास त्या भागाचे वय ग्राह्य धरावे. एअरबॅग हे जीवरक्षक साधन असल्याने तिच्यावरील कपातीचा विचार प्राधान्याने व्हावा. अन्यथा ‘पूर्ण भरपाई’ हे शब्द करारात राहतील आणि तिचा अर्धा भार विमाधारकाच्या खिशावर पडत राहील.