बंब कोण पेटवायचं?

आज आपण एका तत्त्वज्ञाने केलेल्या चुलीच्या वर्णनाची चिकित्सा करणार आहोत. विषय घरगुती वाटेल. पण घरात ऊब कुठून येते आणि ती कोण आणतं, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आल्बर्ट बोर्गमन हे मूळचे जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे. अमेरिकेत माँटाना विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. माँटाना म्हणजे कडाक्याच्या थंडीचा प्रदेश. 1984 साली त्यांचं 'टेक्नॉलॉजी अँड द कॅरॅक्टर ऑफ कंटेम्पररी लाइफ' हे पुस्तक आलं. त्यातला मुख्य भेद 'वस्तू' आणि 'उपकरण' यांच्यातला. लाकडावर चालणारी शेगडी ही वस्तू. ती ऊब देते, पण नुसती ऊब देत नाही. घरातली माणसं तिच्याभोवती जमतात, दिवसाला लय येते, प्रत्येकाच्या वाट्याला काम येतं. बाप लाकडं फोडतो, आई जाळ करते, मुलं सरपण भरत राहतात. 'फोकस' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच चूल, याची ते आठवण करून देतात.

याउलट मध्यवर्ती तापनयंत्रणा हे उपकरण. ऊब तीही देते. ताबडतोब, सगळ्या खोल्यांत, बिनधोक, बिनकष्टाची. पण यंत्र तळघरात जातं, इंधन नळीतून येतं आणि आपल्या हाती उरतं फक्त बटण. म्हणजे उपकरण सुख पुढे करतं आणि ते सुख कशातून आलं, ते झाकून ठेवतं.

हे वाचताना आम्हाला लगेच काय आठवलं? तांब्याचा बंब! आपल्याकडे घर तापवण्याचा प्रश्न फारसा नव्हता, अंघोळीचं पाणी तापवण्याचा होता. मधल्या नळीत लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, कोकणात करवंट्या. पहाटेचा तो धुराचा वास, तोटीतून वाफाळत येणारं पाणी, त्यात घातलेलं विसण. वर्षानुवर्षं वर्गात बोर्गमन समजावताना आम्ही हाच दाखला देत आलो. मुलांनाही तो आवडायचा.

मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्याकडे बंब कोण पेटवायचं?"

उत्तर सोपं होतं. आई पेटवायची. आम्ही उठायचो तेव्हा पाणी तापलेलं असायचं. बंब आम्ही एकदाही पेटवला नव्हता. म्हणजे आमच्यापुरता बंब हाही गिझरच होता की! सुख हातात होतं आणि यंत्रणा झाकलेली. ती तळघरात नव्हती, न्हाणीघरात फुंकणी घेऊन बसलेली होती, एवढाच काय तो फरक. बंबाची आठवण आम्हाला गोड लागते, कारण त्याचा धूर आमच्या डोळ्यांत गेला नाही.

इथे बोर्गमन यांच्या मांडणीला तडा जातो. बाप, आई, मुलं अशी कामाची वाटणी ते सांगतात, पण त्या वर्णनात कुणाच्या वाट्याला किती भार, हे तोललेलं नाही. आणि हे तोलणारं पुस्तक एकच वर्ष आधी, 1983 साली आलेलं होतं : इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं 'मोअर वर्क फॉर मदर'. उघड्या चुलीच्या जागी बिडाची शेगडी आली तेव्हा अमेरिकन घरात काय झालं, ते त्या दाखवतात. सरपण कमी लागू लागलं, म्हणजे लाकडं फोडणाऱ्या पुरुषाचं काम हलकं झालं. बाईचं झालं नाही. एका भांड्यातल्या रटरटत्या जेवणाच्या जागी चार पदार्थ करायची वेळ आली. श्रम वाचवणाऱ्या साधनाने श्रम वाचवले खरे, पण कुणाचे?

मग बोर्गमन बाजूला ठेवायचे का? नाही. पूर्वीच्या चुलीकडे परत चला, असं ते म्हणतच नाहीत; आजच्या जगात धावणं किंवा एकत्र जेवण यांसारख्या गोष्टींत ते केंद्र शोधतात. आणि उपकरण झाकतं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. हिशेब करून पाहू. पंधरा लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला साधारण 0.35 युनिट वीज लागते. आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळशाची. एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कोळसा धरला, तर बादलीमागे पाव किलो होतो. हा पाव किलो आपल्याला दिसत नाही. त्याची राख चंद्रपूर, कोराडीकडे पडते. धूर घरातून गेला, पण नाहीसा झाला नाही, दुसऱ्याच्या दारी गेला.

तुम्ही म्हणाल, म्हणून तर गिझरवर तारे असतात! आपल्याकडे हे लेबल आहे आणि ते उपयोगी आहे. पण ते काय सांगतं, ते नीट वाचा. साठवणीच्या गिझरवरचे तारे मुख्यतः हे सांगतात, की तापलेलं पाणी नुसतं उभं असताना चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते. आपण किती बादल्या घेतो, हे त्यात नाही. पाच तारे यंत्राला मिळालेत, घराला नाहीत.

उपकरणाचं झाकणं बोर्गमन यांनी दाखवलं. चुलीचं झाकणं त्यांच्या नजरेतून सुटलं. म्हणून त्यांच्या एका प्रश्नाच्या जागी आपण दोन विचारू : ही ऊब कशातून आली, हे मला ठाऊक आहे का? आणि तिचा भार कुणावर आहे? चूल पहिल्या प्रश्नात पास होते, दुसऱ्यात नापास. गिझरने आईला धुरातून सोडवलं, हे मोठंच काम. पण पहिल्यात तो नापास, आणि दुसऱ्यातही अर्धाच पास.

या दोन्ही प्रश्नांना बऱ्यापैकी उतरणारी एक गोष्ट कित्येकांच्या गच्चीवर आहे, सौर बंब. तो बसवणारा माणूस संध्याकाळी आभाळाकडे बघतो. ढग असले तर, "उद्या पाणी जपून वापरा रे," असं घरात सांगतो. इथे कुणी फुंकणी घेऊन बसलेलं नाही, तरी ऊब कुठून येते ते सगळ्यांना माहीत आहे. वस्तू की उपकरण, या भेदात तो धड बसत नाही. आमच्या मते दोष बंबाचा नाही, भेदाचा आहे.

आणि ज्यांच्याकडे अजून पर्याय नाही त्यांचं काय? 2016 पासून उज्ज्वला योजनेतून गॅस खेड्यापाड्यांत पोचला, तरी किती घरांत अंघोळीचं पाणी आजही चुलीवरच तापतं! सिलिंडर महाग, सरपण फुकट. फुकट म्हणजे बाईच्या श्रमाचा हिशेब न धरता. अशा घरासमोर चुलीच्या उबेवर व्याख्यान देणं बरं नव्हे.

ती मुलगी पुढे काय करते, आम्हाला कळलं नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी वर्गात आम्ही दिलं नव्हतं, हसून पुढे गेलो होतो. ते आज दिलं. इथेच थांबू या.