भयचित्रकथा, मुलींच्या ब्रिटिश
शाळकरी मुलींसाठी ब्रिटनमध्ये, मुख्यतः १९७०–८० या दशकात, साप्ताहिकांतून प्रसिद्ध झालेल्या भीतिदायक व अतिमानवी विषयांवरील चित्रकथा. मुलींच्या साप्ताहिकांत वसतिशाळा, बॅले, घोडेस्वारी हे विषय पूर्वीपासून रूढ होते. टॅमी (१९७१–८४) व जिंटी (१९७४–८१) या साप्ताहिकांनी त्यांत निराधार, छळ सोसणाऱ्या नायिकांच्या कथांची भर घातली. भयकथेला येथूनच वाट मिळाली. डी. सी. टॉमसन या प्रकाशनसंस्थेचे स्पेलबाउंड १९७६ मध्ये निघाले व १९७८ च्या आरंभी बंद पडले. त्यानंतर लगेच आलेले मिस्टी (४ फेब्रुवारी १९७८ – १२ जानेवारी १९८०) हे या प्रकारातील सर्वांत महत्त्वाचे साप्ताहिक होय.

मिस्टीची कल्पना पॅट मिल्स यांची. प्रौढांमध्ये लोकप्रिय असलेल्या भयकादंबऱ्यांचा आशय शाळकरी वयाला पेलेल अशा रीतीने मांडावा, हा त्यामागील हेतू. त्यांच्या ‘मूनचाइल्ड’ या मालिकेवर स्टीफन किंग यांच्या कॅरी (१९७४) या कादंबरीची छाया उघड आहे. अमेरिकन भयचित्रकथांविरुद्ध उठलेल्या ओरडीतून ब्रिटनमध्ये १९५५ साली बालकांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला होता. मिस्टीने रक्तपाताऐवजी सूचकतेवर भर दिला आणि त्यात तिचा लाभच झाला. शर्ली बेलवूड यांनी रेखाटलेली, धुक्यातून वाचकांना साद घालणारी मिस्टी ही निवेदिका भयापेक्षा हुरहूर अधिक जागवते.

अंकागणिक पूर्ण होणाऱ्या लघुकथा पुष्कळदा साचेबंद आहेत. गर्व, लोभ, चोरी किंवा दुष्टावा करणाऱ्या मुलीला अखेरीस भयंकर शासन होते. अपराध क्षुल्लक आणि शिक्षा मात्र कायमची. अद्भुताच्या वेषातील ही नीतिकथा पुनरुक्तीमुळे कंटाळवाणी होते, असे म्हणणे भाग आहे. क्रमशः मालिकांची गोष्ट वेगळी. त्यांत भीतीचे मूळ भुताखेतांत नसून घर, शाळा व वडीलधारी माणसे यांत असते. ‘मूनचाइल्ड’मधील मुलीला वस्तू मनोबलाने हलविण्याची शक्ती लाभते, पण आईचा जाच आणि वर्गातील मुलींची कुचेष्टा या त्या शक्तीहून अधिक भयावह वाटतात. मॅल्कम शॉ यांच्या ‘द फोर फेसेस ऑफ ईव्ह’ची स्मृती हरपलेली नायिका आपण कोण आहोत याचा शोध घेते, तेव्हा आपला देह मृत मुलींच्या अवयवांतून घडविलेला असल्याचे तिला कळते. वयात येणाऱ्या मुलीला स्वतःचेच शरीर परके वाटू लागते, या अनुभवाचे इतके निर्भीड रूपक त्या काळच्या बालवाङ्मयात क्वचितच आढळेल. शॉ यांच्याच ‘द सेंटिनल्स’मध्ये जुळ्या गगनचुंबी इमारतींपैकी ओसाड पडलेली एक इमारत जर्मनीने जिंकलेल्या ब्रिटनमध्ये नेऊन सोडते. बेघर झालेले कुटुंब तेथे आसरा घेते, हा तपशील कल्पनारम्यतेला तत्कालीन गृहटंचाईशी जोडतो.

जॉन आर्मस्ट्राँग यांसारख्या चित्रकारांनी चौकटींची ठरीव मांडणी मोडून पाने नाट्यपूर्ण केली. स्पॅनिश चित्रकारांचा वाटाही मोठा होता. मात्र लेखक-चित्रकारांची नावे अंकांत छापली जात नसत. त्यामुळे अनेक कथांचे कर्तृत्व अज्ञात राहिले व मुलींच्या चित्रकथा समीक्षेबाहेर पडल्या; मुलांसाठीच्या २०००एडी (१९७७) या साप्ताहिकाला मात्र मान्यता मिळत गेली. मिस्टी १९८० मध्ये टॅमीत विलीन झाले. रिबेलियन या संस्थेने २०१६ पासून त्यातील निवडक मालिका पुस्तकरूपाने पुन्हा प्रकाशात आणल्या आणि जूलिया राउंड यांनी २०१९ मध्ये मिस्टीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विस्मृतीत गेलेल्या अनेक लेखक-चित्रकारांची नावे त्यांच्या संशोधनातून पुढे आली.